आतड्याच्या कर्करोगानंतर : सलाइनचे दिवस आणि शेतावर परतणे

“ऑपरेशन झाले, गाठ काढली, माणूस घरी आला. आता पुन्हा हे सलाइन कशाला?” मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. त्यात पेरणी तोंडावर असली, की “एवढा हंगाम जाऊ दे, मग पाहू” असे घरचेच म्हणू लागतात. म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

हरळी खणून काढली तरी तिच्या काशा जमिनीत राहतात आणि पाऊस पडताच पुन्हा फुटतात, हे आपणास ठाऊक आहे. कर्करोगाचेही तसेच. रोग आतड्याजवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला असेल, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी शरीरात मागे उरलेल्या असू शकतात. त्यांचा नाश करण्यासाठी केमोथेरपी, म्हणजे औषधांचा उपचार, देतात. तो साधारणपणे ऑपरेशननंतर ८ आठवड्यांच्या आत सुरू व्हावा आणि पुढे ३ ते ६ महिने चालावा लागतो. हंगामासाठी तो पुढे ढकलणे हिताचे नाही.

नेहमीच्या औषधांत ऑक्सालिप्लॅटिन सलाइनमधून देतात, तर कॅपेसायटबिनच्या गोळ्या असतात. गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, दिवसातून २ वेळा, १४ दिवस घ्यावयाच्या आणि पुढे ७ दिवस विश्रांती, असा बहुधा क्रम असतो. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. झाडपाल्याचा काढा किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

ताप अंगावर काढू नका

या औषधांनी रोगपेशींबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशीही कमी होतात. सलाइननंतर ७ ते १४ दिवसांच्या सुमारास त्या बहुधा सर्वांत कमी असतात. तेव्हा साधा जंतूही जिवावर बेततो. घरी थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ अंश किंवा अधिक भरला, तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा. ताप न मोजता आधीच तापाची गोळी घेऊ नका. तिने ताप झाकला जातो, आजार जात नाही.

उपचार चालू असेतो गोठ्यातील शेण काढणे, उकिरडा उपसणे, औषध फवारणे ही कामे रुग्णाने करू नयेत. हातापायाला जखम झाल्यास साबणाने धुऊन झाकावी.

हातपाय आणि थंडी

ऑक्सालिप्लॅटिननंतर काही दिवस थंड पाणी प्यायल्यास घशात आवळल्यासारखे होते, थंड वस्तू धरल्यास बोटांना मुंग्या येतात. कोमट पाणी प्यावे; पहाटे पाणी पाजायला जाणे टाळावे. पुढे पावले बधिर झाली, तर काटा रुतलेला कळत नाही. म्हणून अनवाणी फिरू नये आणि रोज रात्री तळवे पाहावेत. सदऱ्याची बटणे लावणे जड जाऊ लागले, तर डॉक्टरांना सांगावे. ते औषधाचे प्रमाण बदलू शकतात. गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलले, तरी तेही सांगावे.

खाणे

तोंड येते, मळमळते, जुलाब होतात. थोडे थोडे, पण वारंवार खावे : पेज, मऊ भात, मुगाचे वरण, उकडलेले अंडे. पाणी आणि दूध उकळलेलेच घ्यावे. जुलाब होताच १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून ते घोट घोट प्यावे, आणि हॉस्पिटलला कळवावे. उपवासकाळातही आजाऱ्यावर उपवासाचे बंधन नाही, हे आईवडिलांना समजावून सांगावे.

कामावर परतताना

ऑपरेशननंतर निदान ६ ते ८ आठवडे पोती, घागरी, पंप उचलू नयेत. पोटावर मलाची पिशवी बसवलेली असेल, तर हर्नियाची भीती अधिक. जड उचलण्याआधी डॉक्टरांना विचारावे. ही पिशवी लाजेची बाब नाही. ती लावून देवळात जाता येते, शेतातली हलकी कामेही करता येतात. कित्येकांची ती काही महिन्यांनी काढता येते.

मात्र पडून राहणे हाही उपाय नव्हे. आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. केमोथेरपीनंतर ३ वर्षे देखरेखीखाली नियमित व्यायाम केलेल्यांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा बांधाबांधाने फिरण्यापासून सुरुवात करावी.

पुढे ठरलेल्या तारखांना रक्ततपासणी आणि ऑपरेशननंतर साधारण वर्षाने दुर्बिणीची तपासणी चुकवू नये. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी व मुलांनीही वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा रुग्णाला ज्या वयात रोग कळला त्याच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ही तपासणी करून घ्यावी. उपचारासाठी जाताना कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते; तिचा दाखला हॉस्पिटलमधून मागून घ्यावा.

शेवटी शेजाऱ्यांना विनंती. आपल्याकडे पैऱ्याची रीत आहे. आजाऱ्याच्या रानात एक दिवस पैरा फेडून न घेता करा. त्याची पेरणी झाली, की त्याचे सलाइन चुकणार नाही.