शस्त्र परवाना आणि राज्याची सीमा

कागल मागे पडले की थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते आणि कोगनोळीपासून कर्नाटक राज्य सुरू होते. रस्ता तोच, दोन्ही बाजूंचा ऊसही तसाच. आणि कानावर पडणारी भाषाही बहुधा मराठीच. कोल्हापूरहून बेळगावला लग्नासाठी निघालेल्या वऱ्हाडाला ही सीमा केव्हा ओलांडली याची जाणीवही होत नाही. मात्र त्या वऱ्हाडातील एखाद्या गृहस्थाच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असेल आणि त्याच्या परवान्यावर 'क्षेत्र : महाराष्ट्र राज्य' एवढेच शब्द असतील, तर त्याच्यापुरती ही सीमा फार मोठी आहे. अलीकडे जे शस्त्र त्याने कायद्याने बाळगले होते, ते पलीकडे त्याला न्यायालयाच्या दारात उभे करू शकते.

ही गोष्ट अनेक परवानाधारकांना चमत्कारिक वाटते. 'शासनानेच परवाना दिला आहे, मग तो देशभर का चालू नये?' असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे.

शस्त्रे व दारूगोळा हा विषय आपल्या राज्यघटनेने केंद्र सूचीत ठेवला आहे. त्यामुळे शस्त्रविषयक कायदा सर्व देशाला एकच आहे. इंग्रजी अमदानीत १८७८ साली झालेल्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातील शस्त्रावर निर्बंध घातले आणि युरोपियनांना मात्र मोकळीक दिली. त्या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय सभेने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांपासून आवाज उठविला होता. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ ने घेतली व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील नियम २०१६ साली नव्याने करण्यात आले. कायदा एक असला तरी परवाना देणारा अधिकारी मात्र स्थानिक असतो. जिल्ह्यात तो जिल्हा दंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी, तर आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. अर्जदाराला शस्त्राची खरोखर गरज आहे काय, त्याची वर्तणूक कशी आहे, याचा पोलीस अहवाल पाहून परवाना दिला जातो, आणि तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे हे त्यावरच नमूद केले जाते. कोणाचा परवाना जिल्ह्यापुरता असतो, कोणाचा राज्यापुरता.

संपूर्ण भारतासाठी परवाना सर्रास मिळत नाही. २०१० साली केंद्रीय गृह मंत्रालयाने आखलेल्या धोरणात संसद सदस्य, सैन्यदले व निमलष्करी दलांतील व्यक्ती, अखिल भारतीय सेवांतील अधिकारी, देशात कोठेही बदली होऊ शकणारे अधिकारी आणि नेमबाज खेळाडू अशा मोजक्या वर्गांचा त्यासाठी विचार करण्यात आला होता. इतरांना कामानिमित्त परराज्यात शस्त्र न्यावयाचे असेल, तर त्यांनी आपल्या परवाना अधिकाऱ्याकडे क्षेत्रवाढीसाठी आगाऊ अर्ज केला पाहिजे. 'आगाऊ' हा शब्द येथे महत्त्वाचा. प्रवासाच्या आदल्या दिवशी कचेरीत धाव घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

क्षेत्राबाहेर शस्त्र सापडल्यास काय होते? तो केवळ परवान्याच्या अटीचा भंग मानावा, की विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा, हा वादाचा मुद्दा होतो, आणि दोहोंतील अंतर मोठे आहे. अटीच्या भंगास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणाऱ्यास मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास होऊ शकतो. निकाल काहीही लागो, तोपर्यंत शस्त्र जप्त राहते आणि धारकाला परमुलखातील न्यायालयाचे हेलपाटे घालावे लागतात.

नोकरीसाठी स्थलांतर करणाऱ्यांची अडचण याहून वेगळी आहे. उत्तरेकडील एखाद्या जिल्ह्यातून आपली बंदूक घेऊन पुण्यात वा मुंबईत सुरक्षारक्षक म्हणून येणाऱ्या माणसाची उपजीविकाच त्या बंदुकीवर असते. त्याचा परवाना येथे चालतो काय, हे त्याने व त्याला कामावर ठेवणाऱ्यानेही प्रथम पाहावयास हवे. क्षेत्र पुरेसे असले तरी जबाबदारी संपत नाही. तीस दिवसांपेक्षा अधिक काळासाठी शस्त्रासह दुसऱ्या जिल्ह्यात राहावयास गेल्यास तेथील परवाना अधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे.

शस्त्र कसे न्यावे, याविषयीही नियम स्पष्ट आहेत. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर म्यानात किंवा पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. ते चारचौघांत मिरविणे हाच गुन्हा होय. वरातीत बार काढण्याची हौस तर २०१९ पासून दोन वर्षांच्या कैदेपर्यंत किंवा एक लाख रुपयांच्या दंडापर्यंत नेऊ शकते.

विमानतळावर वेगळाच प्रसंग उद्भवतो. शस्त्र रिकामे करून, कागदपत्रे दाखवून, नोंदणीच्या सामानातच द्यावे लागते, हे धारकांना ठाऊक असते. परंतु जुन्या पिशवीच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस यंत्राच्या पडद्यावर दिसते आणि प्रवासी थेट पोलीस ठाण्यात पोहोचतो. ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालच्या एका निकालात मांडले असून त्याच्या आधारे उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्दही केले आहेत. पण तो दिलासा पुढचा. विमान तर त्याच दिवशी चुकते.

आपल्याकडे निदान कायदा तरी एक आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदाच निराळा. काही राज्यांत शस्त्र लपवून बाळगण्यास परवानाच लागत नाही, तर न्यू जर्सीसारख्या राज्यात नियम कडक असून परराज्याचा परवाना मानला जात नाही. २०१३ साली पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका महिलेची मोटार न्यू जर्सीत थांबविण्यात आली. तिने आपण होऊन पोलिसाला पिस्तुलाविषयी सांगितले, आणि तिला अटक झाली. २०१५ साली तेथील गव्हर्नरांनी तिला माफी दिली. न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. त्यांच्यापैकी कोणी शस्त्र बाळगत असल्यास ही घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निव्वळ दुसऱ्या राज्यातून पुढे जाणाऱ्यांना १९८६ चा संघीय कायदा संरक्षण देतो. त्यासाठी निघण्याच्या व पोहोचण्याच्या ठिकाणी शस्त्र कायदेशीर असले पाहिजे, आणि वाटेत ते रिकामे व हाताशी येणार नाही असे ठेवले पाहिजे.

पुन्हा आपल्या सीमेकडे यावयाचे तर सिंधुदुर्गातील शेतकऱ्याचा विचार करावा लागतो. वानर व रानडुक्कर यांपासून पीक राखण्यासाठी त्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, पण तो त्याच्या शेताच्या परिसरापुरता असतो. बंदूक खांद्यावर टाकून गोव्यातील सोयऱ्याकडे जाण्याची मुभा त्यात नाही. आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे शिकारीची तर नाहीच. निवडणूक आली की हीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते, आणि नेमकी तेव्हा काजू वा भात राखणीला आलेले असले तर तो हवालदिल होतो. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून न घेता प्रत्येक प्रकरणाची छाननी समितीने करावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली गोव्यातील एका प्रकरणात सांगितले आहे. ज्याला बंदूक जवळ ठेवणे खरोखर आवश्यक आहे, त्याने नोटीस मिळताच आपले कारण त्या समितीपुढे लेखी मांडावे. जमा केलेल्या शस्त्राची पावती मात्र प्रत्येकाने मागून घ्यावी. निवडणुकीनंतर शस्त्र परत घेताना तीच दाखवावी लागते.