पळस फुलला, चला पाहायला!

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पण फाल्गुनात घरच्या मंडळींबरोबर सोनपेठच्या शिवारात सकाळी फेरफटका मारा. बांधावरच्या बहुतेक पळसांवर ती तीनही दिसणार नाहीत! झाड निष्पर्ण, आणि फांद्या मात्र केशरी फुलांनी लगडलेल्या. असे का बरे?

खाली पडलेले एक ताजे फूल उचला. वास घ्या, येत नाही. पाकळ्या मोजा, पाच भरतात. त्यांतल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारखी बाकदार नाव झालेली आहे. म्हणूनच संस्कृतात पळसाला ‘किंशुक’ म्हणतात. म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ नाव अलगद उघडा. आत दहा पुंकेसर असतात. नऊ एकमेकांना जोडलेले, एक सुटा.

फुलाच्या तळाशी मकरंद साठतो. तो पिण्यासाठी साळुंकी, बुलबुल, शिंजीर येतात. चोच खुपसताना परागकण त्यांना चिकटतात आणि दुसऱ्या झाडावर पोचतात. पक्ष्यांना बोलावतो तो वास नव्हे, रंग! आड यायला पाने नसल्यामुळे तो दुरूनही दिसतो.

पुढे चपटी शेंग धरते. तिच्या टोकाशी बी एकच. म्हणजे फूल तोडले की होऊ शकणारे बी गेले! होळीच्या रंगासाठी फुले हवीत ना? मग फांद्या ओरबाडू नका. झाडाखालचा सडा वेचा आणि पाण्यात उकळा. केशरी-पिवळा रंग तयार!