निकालाचा दिवस आणि सर्व्हरवरची गर्दी

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा दहावीचा निकाल महाजालावर जाहीर झाला. करोनामुळे त्या वर्षी लेखी परीक्षा झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर आधारलेला हा निकाल सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांचा होता. तो ९९.९५ टक्के लागला, पण पाहता मात्र येईना. संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती आणि अखेर शालेय शिक्षणमंत्र्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. हा खोळंबा मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांइतकाच अमरावती विभागीय मंडळाच्या कक्षेतील अंजनगाव सुर्जी, दर्यापूर किंवा अकोटच्या विद्यार्थ्यांच्याही वाट्याला आला.

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. यंत्र बंद पडले, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक जण घेतात. प्रत्यक्षात पुष्कळदा यंत्र चालूच असते. त्याच्या दारात एकाच क्षणी इतके लोक येऊन उभे राहतात, की कोणालाच आत जाता येत नाही.

याचा हिशेब सोपा आहे. पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने पहिल्या दहा मिनिटांत फक्त एकदाच निकाल पाहायचा म्हटले, तरी दर सेकंदाला सुमारे २,६०० विनंत्या येतात. पण कोणी एकदा पाहून थांबत नाही. पान उघडले नाही की बटण पुन्हा दाबले जाते. घरातले, शेजारचे आणि शाळेतलेही तोच क्रमांक टाकून पाहतात. सर्व्हरने एक विनंती पूर्ण करण्याआधी त्याच व्यक्तीच्या आणखी चार विनंत्या येऊन पडतात. उत्तर जितके लांबते तितकी गर्दी वाढते आणि गर्दी वाढते तसे उत्तर आणखी लांबते.

यावर दोन उपाय संभवतात. एक म्हणजे अधिक शक्तिशाली, अधिक महाग यंत्र आणणे. त्याला कुठेतरी मर्यादा येतेच. दुसरा उपाय म्हणजे अनेक साधी यंत्रे एकत्र ठेवून काम वाटून देणे. कापसाच्या हंगामात बाजार समितीत एकच वजनकाटा असेल, तर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. काटे पाच असले आणि फाटकावर ‘तू पहिल्यावर जा, तू तिसऱ्यावर’ असे सांगणारा जाणता माणूस असला, तर तीच रांग झपाट्याने सरकते. संगणकाच्या व्यवहारात फाटकावरच्या या माणसाचे काम करणाऱ्या आज्ञावलीला ‘लोड बॅलन्सर’, म्हणजे भार वाटून देणारा, असे म्हणतात.

वाटणीच्या पद्धती अनेक आहेत. सर्वांत सोपी म्हणजे पाळीपाळीने पाठवणे. ज्या सर्व्हरवर त्या क्षणी सर्वांत कमी कामे चालू आहेत त्याच्याकडे नवी विनंती देणे, ही दुसरी पद्धत. एखाद्याने लॉगिन करून अर्ज भरायला घेतला असेल, तर त्याला शेवटपर्यंत त्याच सर्व्हरकडे पाठवत राहणे, ही तिसरी. ती नसेल, तर अर्ज अर्धा भरून झाल्यावर ‘पुन्हा लॉगिन करा’ असा संदेश येण्याची शक्यता असते.

लोड बॅलन्सरचे दुसरे काम पाहाऱ्याचे आहे. तो ठरावीक अंतराने प्रत्येक सर्व्हरची विचारपूस करतो. एचएप्रॉक्सी या आज्ञावलीत ही तपासणी सुरू केली, की वेगळी सूचना नसल्यास ती दर दोन सेकंदांनी होते. लागोपाठ तीनदा उत्तर आले नाही तर तो सर्व्हर वाटणीतून वगळला जातो आणि पुन्हा दोनदा नीट उत्तर मिळाले की परत घेतला जातो. एक यंत्र बिघडले तरी वापरणाऱ्याला सहसा त्याचा पत्ता लागत नाही.

तिसरे काम कमी परिचित असले, तरी निकालासारख्या दिवशी सर्वांत मोलाचे ठरते. एका सर्व्हरला एका वेळी किती कामे द्यायची याची मर्यादा ठरवून, उरलेल्यांना बाहेर रांगेत उभे करता येते. सर्वांना एकदम आत सोडले तर कोणाचेच काम होत नाही. रांग लावली, तर प्रत्येकाला थोडे थांबावे लागते, पण काम होते.

एकेकाळी यासाठी खास बनवलेली महागडी उपकरणे घ्यावी लागत. मुक्त स्रोत आज्ञावलींनी हे चित्र बदलले. वेनसोंग झांग यांनी १९९८ मध्ये ‘लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर’ हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे तो लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाला. फ्रान्समधील विली तारो यांची एचएप्रॉक्सी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. रशियातील इगोर सिसोएव्ह यांनी रॅम्बलर या संकेतस्थळाच्या गरजेतून तयार केलेली एंजिनएक्स २००४ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. एकाच यंत्राने एकाच वेळी हजारो जोडण्या कशा सांभाळायच्या, हा त्या काळातला मोठा प्रश्न होता आणि एंजिनएक्सची रचनाच त्याच्या उत्तरासाठी झाली. या आज्ञावलींचा मूळ संकेत कोणालाही वाचता येतो, तपासता येतो, बदलता येतो आणि वापराचे शुल्क द्यावे लागत नाही. गिटहबसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवांनीही एचएप्रॉक्सीचा आधार घेतला आहे.

निकाल हे काम तुलनेने सोपे म्हणायला हवे. तो एकदा लागला की त्या दिवशी बदलत नाही. तो फक्त वाचायचा असतो. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याचे पान आधीच तयार करून अनेक यंत्रांवर ठेवता येते आणि विदागाराला दर वेळी विचारण्याची गरज उरत नाही. अलीकडच्या वर्षांत मंडळाचा निकाल एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर मिळतो. हेही भारवाटपच आहे. मात्र इथे कोणत्या दारात जायचे हे विद्यार्थीच ठरवतो आणि यादीतल्या पहिल्याच पत्त्यावर झुंबड उडण्याचा धोका राहतो.

अर्ज भरण्याचे काम याहून अवघड असते. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक पीक विम्याच्या मुदतीत जाणवतो. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा देण्यात आला (ही सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली). ३१ जुलै ही अखेरची तारीख होती. पोर्टल संथ चालत असल्याच्या तक्रारी आल्या आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली. अशा अर्जात नुसते वाचन नसते. जमिनीची नोंद, आधार, बँक खाते यांची पडताळणी होते आणि नवी नोंद लिहिली जाते. यांपैकी एक जरी यंत्रणा संथ असली तरी सारा अर्ज अडतो. फाटकावर कितीही चोख वाटणी केली, तरी पाचही काट्यांची पावती एकाच खिडकीवर फाडायची असेल, तर रांग त्या खिडकीपुढे लागणारच. लोड बॅलन्सर ही खिडकी वाढवू शकत नाही. ती कुठे आहे हे शोधणे माणसाचे काम आहे.

स्वतः लोड बॅलन्सर बंद पडला तर काय, हाही प्रश्न उरतोच. म्हणून तो जोडीने ठेवतात. एक बंद पडल्यास दुसऱ्याने तोच पत्ता लगेच आपल्याकडे घ्यावा, यासाठी कीपअलाइव्हड ही आज्ञावली आहे. खोटी गर्दी निर्माण करून आधीच तपासणी घेण्यासाठी जेमीटर आहे. या दोन्हीही मुक्त स्रोतच आहेत.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्त स्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मात्र आज्ञावली विनामूल्य असली, तरी ती मांडणारे, तिच्यावर लक्ष ठेवणारे आणि रात्री बिघाड झाल्यास उठून दुरुस्त करणारे कुशल लोक विनामूल्य मिळत नाहीत. वाचलेला पैसा अशा माणसांवर आणि गर्दीच्या तालमीवर खर्च झाला, तरच तिचा खरा लाभ होतो.

निकालाची तारीख आधीच जाहीर होते आणि विम्याची मुदतही महिनाभर आधी ठाऊक असते. त्या दिवशी किती लोक येणार याचा अंदाजही बांधता येतो. अशी गर्दी अचानक आली असे म्हणता येत नाही. निकाल चार तास उशिरा कळला तर विद्यार्थ्याची घालमेल होते, गुण तेच राहतात. मुदतीच्या दिवशी मात्र शेतकऱ्याचा अर्ज रात्री बारापर्यंत गेला नाही आणि मुदतवाढ मिळाली नाही, तर त्या हंगामाचे संरक्षणच जाते. सर्व्हरच्या दारात उभ्या असलेल्या रांगेची वाटणी करायची ती याचसाठी.