पिल्लाची शाळा (लेखांक ७) : उसाच्या कडेची घंटी

या आठवड्यात लबाड पिल्लांचा समाचार घ्यायचा होता. शूला बाहेर जायचंय हे सांगण्यासाठी दाराशी बांधलेली घंटी उगाच वाजवायची आणि दार उघडलं की खारीमागे सुटायचं, असली ती मंडळी. त्यांना आठवडाभर मोकळीक देऊ, कारण अकोले तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न जास्त निकडीचा आहे. घर वस्तीवरचं, तिन्ही बाजूंनी ऊस. पिल्लू तीन महिन्यांचं. दिवसा ते आपलं आपण अंगणात जाऊन येतं, घंटीकडे ढुंकूनही बघत नाही. रात्री दार लावलं की पहाटे ओट्याखाली तळं. सासूबाई म्हणतात, बाहेर बांधा. पण बाहेर बिबट्या हिंडतो. तर करायचं काय?

आधी घंटीचं बघू. शहरातलं, तिसऱ्या मजल्यावरचं पिल्लू लवकर मागायला शिकतं, याचं कारण त्याची हुशारी नाही. त्याच्यासमोर दार कायम बंद असतं आणि ते माणसाशिवाय उघडत नाही. वस्तीवरच्या पिल्लाला मागायची गरजच काय? दार सताड उघडं, उंबरा ओलांडला की अंगण. त्याच्या लेखी शू ही माणसाला सांगायची बाबच नाही. मग रात्री अचानक दार बंद दिसतं तेव्हा ते दोन मिनिटं घुटमळतं आणि आतच उरकतं. कुत्र्यांवरची बहुतेक पुस्तकं बंद दाराच्या घरात बसून लिहिलेली असतात. त्यात हा पेच सापडत नाही, म्हणून ताईंचे आभार.

उपाय साधा आहे. दिवसाही दार थोडं बंद करा. कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून उंबऱ्यावर आडवी फळी लावतात ना, तीच. पिल्लाला ओलांडता येणार नाही एवढी उंच हवी. गेल्या खेपेला नाकाने शिवायला शिकवलेली घंटी फळीच्या कडेला, पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर बांधा. बाजारात बैलाच्या गळ्यातली मिळते ती चालेल, फक्त फार मोठ्या आवाजाची नको, पिल्लू बिचकतं. झोपून उठल्यावर, खेळ थांबल्यावर आणि खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांनी त्याला फळीपाशी न्या. (पोटात अन्न पडलं की आतडी हलतात, म्हणून ही वेळ सहसा चुकत नाही.) घंटी वाजली की लगेच फळी काढा आणि ठरलेल्या जागेवर न्या. भाकरीचा तुकडा तिथेच, काम उरकल्याबरोबर द्यायचा. घरात परतल्यावर दिलात तर पिल्लाला वाटतं, परत येण्याचं बक्षीस मिळालं. मग ते अंगणात जेमतेम टेकतं आणि उरलेलं घरात येऊन सोडतं.

आता बिबट्या. ताईंची भीती अनाठायी नाही आणि तिच्या पाठीशी आकडेही आहेत, तेही त्यांच्याच तालुक्यातले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतशिवारात स्वयंचलित कॅमेरे लावले. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात अशा बागायती मुलखात, दर १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ बिबटे! पुढे त्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं. वजनाच्या हिशेबात ८७ टक्के भक्ष्य पाळीव जनावरांचं निघालं आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती शेळीची. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी बिबट्याच्या खाण्यात शेळीचा वाटा अवघा ११ टक्के. कारण उघड आहे. शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं मोकळं असतं.

तेव्हा सासूबाईंना माझा नमस्कार सांगून एवढं कळवा : साखळीला बांधलेलं पिल्लू मोकळ्या पिल्लापेक्षाही वाईट अवस्थेत असतं, त्याला पळताही येत नाही. त्याची जागा घरातच, आणि तीही माणसाच्या उशाशी.

उशाशी म्हणजे खरोखरच उशाशी. पिल्लू तीनेक आठवड्यांचं होईपर्यंत आई त्याला चाटून शी-शू करवते. त्यानंतर ते आपणहून झोपायच्या जागेपासून दूर सरकून उरकायला लागतं. आपली गादी ओली करायची नाही, ही खोड ते आईपाशी असतानाच उचलतं आणि रात्रीची सगळी शिकवणी त्याच खोडीवर उभी राहते. घरात कोंबड्या झाकायचं डालगं असेल तर ते धुऊन घ्या. खाली गोणपाट, वर डालगं, डालग्यावर वरवंटा, नाहीतर ते उलथून टाकेल. पिल्लाला वळता येईल आणि पाय पसरता येतील एवढंच मोठं हवं. ऐसपैस असलं तर एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप असा संसार मांडलाच म्हणून समजा.

रात्री लागली की ते आधी चुळबुळेल, गोणपाट खरवडेल, मग बारीक कुंई करेल. इथे घंटीची गरज नाही. त्या पहिल्या कुंईला उठायचं. रडरड होईपर्यंत पडून राहिलात तर पुढच्या रात्री ते थेट रडण्यापासून सुरुवात करेल. दिवसाचा ढोबळ हिशेब असा की वयाचे जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास पिल्लू जास्तीत जास्त धरू शकतं. झोपेत मूत्र कमी तयार होतं, म्हणून रात्री त्याहून थोडं जास्त. तीन महिन्यांच्या पिल्लाला रात्रीतून एकदा तरी न्यावंच लागेल.

पण न्यायचं कुठे? उसाच्या बाजूला नाही, गोठ्यामागे तर नाहीच. आधी आतून दिवा लावा, बॅटरी फिरवा, मोठ्याने बोला किंवा मोबाईलवर गाणं लावा. पिल्लू दोरीने बांधलेलं आणि दोरी आखूड हवी. जागा पायरीपासून चार पावलांवर, उजेडात. तुम्ही स्वतः खाली बसू नका. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसू शकतं. रात्री उघड्यावर शौचाला बसू नका, असं वन खातं सांगतं ते याचसाठी.

दोन दिवसांत बिबट्या दिसल्याची बातमी असेल तर बाहेर जाऊच नका. ओसरीच्या कोपऱ्यात प्लास्टिकची गोणी पसरा, चारी कडांना विटा लावा आणि अंगणातल्या त्याच्या नेहमीच्या जागेची माती आणून टाका. साधारण आठव्या-नवव्या आठवड्यापासून पिल्लाच्या पायांना एका प्रकारच्या जमिनीची सवय लागते. माती ओळखीची आणि वासही ओळखीचा, म्हणून ते फार खळखळ करत नाही. ओसरीला जाळी नसेल तर हीच गोणी मोरीत.

आणखी एक धोका फक्त आपल्याकडचा. शेतीची वीज रात्रीची असली की घरातलं कुणीतरी मध्यरात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला निघतं आणि मोकळं पिल्लू त्याच्या पायात घोटाळत बाहेर सटकतं. त्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही. त्यामुळे जाणाऱ्याने आधी डालग्यावरचा वरवंटा बघायचा, मग कडी काढायची.

पाच-सहा महिन्यांपर्यंत बहुतेक पिल्लं रात्रभर धरायला लागतात. रात्रभर धरणारं पिल्लू एकाएकी दर तासाला उठवू लागलं, दर वेळी थेंबथेंबच करू लागलं किंवा शूत रक्त दिसलं, तर तो शिकवणीचा प्रश्न नाही. सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरा आणि त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्या. दुपारपर्यंत घरात ठेवायची वेळ आली तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा, वर चिठ्ठी चिकटवून.