पेठच्या वाटांसाठी मोठा जीपीएस

नाशिकहून सावळघाट, कोटंबी घाट ओलांडून पेठला पोचलं की पुढच्या पाड्यांच्या वाटांवर मोबाइलची रेंज गृहीत धरू नये. जीपीएसला रेंज लागतच नाही, उपग्रहांचा संदेश थेट येतो. अडतो तो नकाशा. आधी उतरवून ठेवला नसेल तर पडद्यावर नुसता ठिपका फिरतो, रस्ता दिसत नाही. म्हणून दुकानात पहिला प्रश्न नकाशाचा विचारा: नेटशिवाय चालतो का, समोच्चरेषा दाखवतो का, आणि आलेली वाट नोंदवतो का? परतीला तीच कामी येते.

पडदा सात इंची पुरे. थार जीपच्या आखूड काचेपुढे दहा इंची बसवला तर समोरचा खड्डाच झाकला जातो. उन्हात वाचायला उजेड हजार निट्सच्या आसपास हवा. दरीत कड्यांवरून परावर्तित होणारे संदेश जागा चुकवतात. एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही वारंवारितांवर चालणारं यंत्र तिथे बरंच सावरतं. भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांचे संदेशही ते घेत असेल तर उत्तमच.

पेठचा पाऊस आणि उघडी जीप म्हटल्यावर आयपी-६७ दर्जा हवाच. दुकानातच ओल्या बोटाने पडदा चालवून पाहा. अडखळला तर ते यंत्र घेऊ नका.