ताणावरचे चार रविवार

डिसेंबर लागला की पांढुर्णा-सौंसरकडच्या संत्र्याच्या बगीच्यांत पाणी बंद होऊ लागतं. आंबिया बहाराची फळं उतरून बाजारात गेलेली असतात आणि पुढच्या बहारासाठी झाडं ताणावर सोडायची असतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त. पानं मलूल होतात, काही गळतातही. नवख्याला वाटतं, बाग गेली. पण वाढ थांबली की झाडात अन्नसाठा होतो आणि जानेवारीत ताण तोडून पाणी दिलं की फूल फुटतं. उतावीळपणे आधीच पाणी सोडलं तर नुसती पालवी येते. फार लांबवलं तर झाडच हातचं जातं.

ख्रिस्ती पंचांगातला आगमनकाळ याच आठवड्यांत येतो. 30 नोव्हेंबरला संत आंद्रियाचा सण. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी हा काळ सुरू होतो, नाताळाआधीचे चार रविवार चालतो आणि 24 डिसेंबरच्या संध्याकाळी संपतो. नाताळ सगळ्या गावाला ठाऊक असतो. आगमनकाळ चर्चबाहेर कुणाला माहीत नसतो आणि खरं सांगायचं तर चर्चच्या आतही तो अंग चोरूनच उभा असतो. केक, चांदणी, सांताक्लॉज यांची घाई त्याला दोन्ही बाजूंनी रेटते. माझ्या मते नाताळाचा अर्थ या दुर्लक्षित चार आठवड्यांतच आहे.

मुळात हा उपासाचा काळ. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेत्युस यांनी 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास सांगितला. आपल्याकडे बहुधा याच दिवसांत मार्गशीर्षातले गुरुवार धरणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. पुढे उपास सैलावला, पण पश्चात्तापाचा जांभळा रंग टिकला. कॅथलिक धर्मगुरू आजही या रविवारी जांभळी वस्त्रं घालतात. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी चालतात, कारण आनंद जवळ आलेला असतो. चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र त्या मानानं अगदी अलीकडचं. 1839मध्ये हॅम्बुर्गजवळच्या गरीब मुलांच्या आश्रमात योहान विखेर्न या लुथरन धर्मपंडितानं गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं भंडावून सोडायची, त्यावरचा हा तोडगा होता.

पण वाट कशाची पाहायची? ख्रिस्त तर दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन गेला. बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डनं याचा उलगडा केला. त्याच्या मते येणं तीन प्रकारचं: एक बेथलेहेममधलं, एक काळाच्या शेवटी होणारं आणि या दोहोंच्या मधलं, माणसाच्या अंतःकरणात होणारं, डोळ्यांना न दिसणारं. मला आगमनकाळाचा अर्थ या मधल्या येण्यात दिसतो.

लूकच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचली की हे अंतःकरणातलं येणं लक्षात येतं. पहिला प्रसंग बाळाचा नाहीच. तो जखऱ्या नावाच्या म्हाताऱ्या याजकाचा आहे. तुला मुलगा होईल, असं देवदूत सांगतो. जखऱ्या विश्वास ठेवत नाही आणि त्याची वाचा जाते. धर्मकृत्यांची भाषा ज्याच्या जिभेवर, तोच मुका होतो. मुलाचं नाव ठेवायची वेळ येते तेव्हा तो पाटी मागतो, तिच्यावर ‘योहान’ लिहितो आणि मग त्याला वाचा फुटते. मरिया त्याच्या अगदी उलट, होकार देते आणि गाते. तिचं ते गाणं पाळणागीत नव्हे. त्यात सत्ताधीश आसनांवरून खाली ओढले जातात आणि भुकेले तृप्त होतात. नाताळाच्या शुभेच्छापत्रांवर हा मजकूर सहसा नसतो.

आता पांढुर्णा-सौंसर. ऑक्टोबर 2023मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला हा जिल्हा राज्यानं मध्य प्रदेशाचा असला तरी बोलण्यात मराठी आहे. ख्रिस्ती वस्ती तुरळक. 2011च्या जनगणनेत अख्ख्या मध्य प्रदेशातच ख्रिस्ती लोक 0.29 टक्के होते. या मुलखाशी मिशनचा संबंध मात्र जुना आहे. 1845मध्ये नागपूर-कामठीत आलेल्या स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉपनं शाळा काढल्या, खडक-जीवाश्म गोळा केले आणि गोंडांची गाणीही. 1863मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याचे कागद 1866मध्ये रिचर्ड टेंपलनं छापले. त्यात गोंडांच्या पुराणपुरुषाचं, लिंगोचं दीर्घ गीत आहे: गोंड गुहेत कोंडले जातात आणि लिंगो त्यांना सोडवतो. 1870च्या सुमारास छिंदवाड्याला मिशनरी जेम्स डॉसन गोंडी शब्द टिपत होता, बायबलचे भाग गोंडीत उतरवत होता. पुढे स्वीडनचे लुथरन आले. मध्य प्रदेशातल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चचं मुख्यालय छिंदवाड्यातच आहे. अंधारातल्या लोकांना उजेड दिसेल, असं सांगणारा यशया संदेष्टा आगमनकाळात हमखास वाचला जातो. दगडाआडून सुटकेची कथा ज्यांच्या ओठांवर आधीपासून होती, त्यांना तो फारसा परका वाटला नसावा. हा माझा कयास.

मराठीतही या वाट पाहण्याला जुनी जागा आहे. गोव्यात 1616 साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्सनी दोन पुराणं केली आणि पहिलं पूर्ण पुराण ख्रिस्त येण्याआधीच्या काळाला दिलं. हजारो ओव्या वाचायच्या, तेव्हा कुठे जन्म. कवी नारायण वामन टिळकांना 1893मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895ला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट त्याहून अवघड. नवरा धर्म सोडून गेला, संसार मोडला, माहेर-सासरचं बोलणं खावं लागलं. त्यांचा बाप्तिस्मा 1900मधला. टिळक 1919मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य अपुरं होतं. त्यातला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि ते छापून आलं 1938मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर दोन वर्षांनी. आगमनकाळाचं प्रवचन करायला मला यापेक्षा चांगलं मराठी चरित्र दिसत नाही.

25 डिसेंबरला ख्रिस्ती शेजाऱ्याकडे फराळाला तुम्ही जालच. यंदा त्याच्या आधीच्या एखाद्या रविवारीही जवळच्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसा. गर्दी नसते आणि कुणी हटकत नाही.