टाचेचे विणकाम

ज्या वस्तीला तुकोबांचे नाव लाभले, तिच्या जवळून दरवर्षी ज्येष्ठ वद्यात देहूची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्याकडे जाते, आणि तिच्यातील कित्येक वारकरी अनवाणी चालतात. एरवी याच संत तुकाराम नगराच्या आसपास पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांचे कामगार जड बुटांत आणि जाड मोज्यांत पाळीला ये-जा करीत असतात. अनवाणी पायास आपल्या समाजाने सदैव भक्तीचा मान दिला. श्रमाची तितकीच सोबत करणाऱ्या पायमोज्याची मात्र कोणी दखल घेतली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वस्तू तशी पुरातन. इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकस येथे सापडलेले तांबडे लोकरी मोजे सुमारे दीड सहस्र वर्षांपूर्वीचे असून, वहाणेचा पट्टा बसावा म्हणून त्यांत अंगठ्याचे घर निराळे ठेवले आहे. १५८९ साली विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र सिद्ध केले. परंतु हाताने विणणाऱ्या गरिबांची रोजी बुडेल म्हणून एलिझाबेथ राणीने त्यास सनद नाकारली, अशी परंपरागत हकिकत आहे.

आजच्या यंत्रावर सुयांचे वर्तुळ एकाच दिशेने फिरत नळी विणत असते; टाच आली की निम्म्या सुया थांबतात, उरलेल्या मागेपुढे झोके घेत एकेक टाका प्रथम घटवितात, मग वाढवितात, आणि त्या घटवाढीतून सपाट विणीला टाचेची खोली येते. टाचेच्या दोन्ही बाजूंस दिसणारी तिरपी रेघ ही त्या वळणाची खूण होय. ती पाहिल्यावर मोज्याला क्षुद्र म्हणवत नाही.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांस एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय केला. दोन जोड्यांची ही तजवीज शहाणपणाची आहे, कारण आपल्या पावसाळ्यात धुतलेला मोजा सकाळपर्यंत वाळेलच, याची हमी नसते.

यंत्रावरून उतरलेल्या मोज्याचे चवड्याकडील तोंड बहुधा शिवून बंद करावे लागते, आणि ती शिवण नेमकी बोटांवर येते. निरोगी पायाला ती जाणवतही नाही. परंतु मधुमेहाने बधिर झालेल्या पायास घासलेले कळत नाही, आणि लहानशा फोडाची जखम होऊन बसते. अशा रुग्णांनी सैल काठाचे, आत शिवण नसलेले मोजे वापरावेत आणि ते रोज उतरवून तळवा डोळ्यांनी पाहावा.